घराचें आंगण आणि पांझरेचे फड

शहरांतील घरांचीं आंगणें हल्लीं एकामागून एक फरशीखालीं जात आहेत. केर लवकर निघतो व गाडी उभी करितां येते, हें खरें. परंतु आमच्या धुळ्यासारख्या गांवीं, जेथें वर्षाचा पाऊस अवघा वीस-बावीस इंच, तेथें वैशाखांत ही फरशी तव्यासारखी तापते आणि रात्रींही घरास निवूं देत नाहीं.

आमच्या घरींही हा प्रश्न निघाला. धाकट्या चिरंजीवांस सबंध आंगण फरसबंद करावयाचें होतें. त्यांत जुना निंब जाणार व आड बुजणार. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, फाल्गुनांतच तळ दाखविणारा आड ठेवून काय करावयाचें?” प्रश्न रास्त होता.

वाद घालण्याऐवजीं आम्हीं हिशेब मांडला. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें २,३०० लिटर पाणी उतरतें. वीस इंचांचें ४६,००० लिटर झालें! तें गटारांत सोडावयाचें आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावयाची, हा कोठला व्यवहार?

पुढचा धडा पांझरेनें दिला. तिच्या कांठीं कित्येक शतकें चालत आलेल्या फड पद्धतींत बंधाऱ्याचें पाणी पाटानें, केवळ उतारानें शेतांत येतें. जमिनीचे तीन-चार फड पाडून एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. सारख्या तहानेचीं पिकें एकत्र आलीं म्हणजे पाणी वायां जात नाहीं.

हाच न्याय आम्हीं आंगणास लाविला. केळ, अळू व कर्दळ मोरीलगत, तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर. कण्हेर व कोरफड दूर, कोरड्या बाजूस. मध्यें तुळशीवृंदावन होतें तेथेंच राहिलें. निंबाभोंवतीं रुंद आळें केलें; अमरकोशांतील ‘आलवाल’ तें हेंच. गाडीच्या चाकांपुरते दोन दगडी पट्टे घातले, बाकी माती उघडी ठेविली. पहिल्या सरीचें मळकट पाणी बाहेर सोडून पुढचें पन्हाळीनें आडाशेजारच्या खडी-वाळूच्या खड्ड्यांत घेतलें. डांस होऊं नयेत म्हणून खड्डा झांकलेला असतो.

यास तीन पावसाळे झाले. आमच्याकडील काळ्या पाषाणांत पाणी भेगांवाटेंच मुरतें. तेव्हां आड बारमाही झाला असें नाहीं. पण फाल्गुनांत दिसणारा तळ आतां वैशाखांत दिसतो, आणि सुटीस आलेलीं नातवंडें भर दुपारीं निंबाखालीं खेळतात. चिरंजीवांची गाडीही तेथेंच सावलींत असते.

फरशी बसविण्यापूर्वीं पावसानें जावें कोठें, एवढें प्रत्येक गृहस्थानें आधीं ठरवावें.