शेजारचं ताट

दोन महिन्यांपूर्वी एक आई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. दारातूनच म्हणाली, "ताई, घरात कशाला तोटा नाही, अन् ही जेवत नाही. अन्नाचा माज आलाय हिला!" मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. मला माझं सोळावं वर्ष आठवलं.

मी मार्केट यार्डाच्या परिसरातच वाढले. वडील भुसार बाजारात तोलणार होते. ते अपघातात अचानक गेले आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. पुढे पुढे तर न जेवण्याचंच बरं वाटू लागलं. बाकी काही हातात उरलं नव्हतं, भूक तेवढी माझ्या ताब्यात होती! पाळी थांबली, केस गळू लागले. लोक म्हणाले, नखरे. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून हमाल पंचायतीने 1974 साली पुण्यात 'कष्टाची भाकर' सुरू केली. अशा हमाल-तोलणारांच्या वस्तीत 'मला जेवण नको' म्हणणारीला कोण समजून घेणार?

डॉक्टरांचे उपचार चालू होते. पण आईने एक केलं. रागावणं सोडलं. आपलं ताट माझ्या शेजारी मांडायची आणि इकडचं तिकडचं बोलत सावकाश जेवायची. किती खाल्लंस, म्हणून कधी विचारलं नाही. बरं व्हायला दीड वर्ष लागलं. पुढे मी समुपदेशक झाले, ती त्या शेजारच्या ताटामुळेच.

मैत्रिणींनो, हे आजकालच्या मुलींचं खूळ नव्हे. स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या आजाराचं, अॅनोरेक्सियाचं, वर्णन लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी 1873 मध्येच केलं होतं. अधाशासारखं खाऊन उलटी काढण्याच्या आजाराला, बुलिमियाला, डॉ. जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये नाव दिलं. मुलग्यांनाही हे आजार होतात, बरं का!

माझ्याकडे कुणी आलं की आधी डॉक्टरांकडे पाठवते. नाडी, रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम तपासायलाच हवं. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं. मग ठरल्या वेळी तीन जेवणं आणि मधे दोन-तीनदा थोडं थोडं खाणं. मनावर आघात झाला असेल तर पहिल्याच दिवशी मी तो उकरत नाही. उपाशी माणसाला दुःख पेलत नाही. आधी जेवण, झोप आणि विश्वास. केव्हा सांगायचं, ते तिनं ठरवायचं.

घरच्यांना एवढंच सांगते : वजनावर बोलू नका, 'बारीक झालीस, छान दिसतेस' असंही नको. ताटावर भांडण नको. कुणाकडे जावं हे सुचत नसेल तर 'टेली-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

गेल्या आठवड्यात ती आई पुन्हा आली. "ताई, जीभ चावून गप्प बसले. तिनं अर्धी भाकरी खाल्ली हो!"

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

त्या गप्प झाल्या. लेकीच्या काळजीनं त्यांचंच जेवण सुटलं होतं. म्हटलं, "आज घरी गेल्यावर दोन ताटं मांडा. शेजारी शेजारी."