पडद्याचं मटण

पगार झाला त्या दिवशी मोठ्याच्या मटणाच्या दुकानात जाऊन मी पडदा मागितला. चाचा सुरी थांबवून माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "कुत्रं पाळलंस काय?"

"नाही चाचा. मलाच खायचाय."

मग त्यानं पाटीतनं तो काढला. लांब, चपटा, चार बोटं रुंद. वरनं पांढरा पापुद्रा. छाती आणि पोट यांच्यामधला हा पडदा. जनावर श्वास घेतं ते ह्याच्यावर. जन्मल्यापासून मरेपर्यंत ह्याला सुट्टी नाही, म्हणून हे मांस चिवट. आणि चवही त्यामुळंच. चाचा म्हणाला, "असाच ने, पैसे नकोत." मी म्हणालो, वजन करा, पैसे घ्या. का हट्ट धरला ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो.

तीन महिन्यांपूर्वी पुण्याला कवितावाचनाला गेलो होतो. वाचन झाल्यावर मित्रांनी हॉटेलात नेलं. मेन्यूकार्ड माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं, "स्टेक फजिटा." वेटर म्हणाला, "फहीता, सर." मित्र हसले. मीही हसलो, पण कानशिलं गरम झाली. मग ते आलं. तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचर करत, धूर सोडत. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मांसाच्या पट्ट्या, कांदा, ढबू मिरची, बाजूला मऊ पोळ्या. त्या एका ताटलीचा दर माझ्या दीड दिवसाच्या हजेरीएवढा. खाल्लं. चांगलं लागलं. पण तो शब्द घशात अडकला होता.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. रात्रपाळी सुटल्यावर कानात साच्यांचा आवाज तसाच राहतो, झोप येत नाही. मोबाइलवर शोधत गेलो. इंग्रजी मी डिक्शनरीवरनं शिकलोय, म्हणून हळू वाचतो. हळू वाचणाऱ्याला शब्द लवकर सोडत नाही. स्पॅनिशमध्ये 'फाहा' म्हणजे पट्टा, कंबरेला गुंडाळायचा. 'फहीता' म्हणजे छोटा पट्टा. हे मुळात पदार्थाचं नाव नाही, मांसाच्या तुकड्याचं नाव आहे. ह्याच पडद्याचं. आता लोक चिकन फहीता म्हणतात. कोंबडीला असा पडदाच नसतो, पण नाव चिकटलं.

मग पुढं वाचत गेलो आणि उठून बसलो.

टेक्सास हा मुलूख आधी मेक्सिकोचा. १८३६ ला तो फुटला, आणि १८४८ च्या तहानं रिओ ग्रांदे नदी सरहद्द ठरली. माणसं होती तिथंच राहिली, देश बदलला. त्या नदीकाठच्या मोठमोठ्या कुरणांवर मेक्सिकन गुराखी राबायचे. त्यांना वाकेरो म्हणतात. मालकासाठी जनावर कापलं की चांगलं मांस मालकाच्या घरात नाहीतर बाजारात. डोकं, आतडी, कातडं आणि हा पडदा गुराख्यांना. मजुरीचाच एक भाग म्हणून. गुराख्यांनी काय केलं? डोकं गुंडाळून निखाऱ्याच्या खड्ड्यात पुरलं, रात्रभर शिजवलं. त्याचं बार्बाकोआ झालं. वजडीचं मेनुदो झालं. आणि पडद्याला मीठ, मिरची, लिंबू लावून लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलं. तो हा फहीता.

होमेरो रेसिओ नावाच्या, मांसशास्त्र शिकलेल्या माणसानं ह्याचा माग काढला. तो दक्षिण आणि पश्चिम टेक्सासातल्या कुरणांपर्यंत, १९३० नंतरच्या वर्षांपर्यंत जाऊन पोचला. हाताला लागल्या त्या बहुतेक आठवणी. गुराख्यानं संध्याकाळी काय खाल्लं ह्याची वही कोण ठेवतो?

मित्रांनो, हे वाचताना मला टेक्सास दिसतच नव्हतं. मला आमचं गाव दिसत होतं. गावचं मेलेलं ढोर ओढायचं काम पणज्याच्या वाट्याला, आणि त्याचं मांसही त्याच्याच वाट्याला. कामाचा मोबदला म्हणून जे दुसऱ्याला नको ते. त्या मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात दोरीवर वाळत घालायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात काही नसलं की त्या भाजायच्या, नाहीतर कालवणात टाकायच्या. पट्टा तिथं, पट्टी इथं. इथल्या जेवणावर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ ला आलं. त्याच्या आधी आमच्या चुलीची तरी वही कुणी ठेवली होती?

पण फरकही सांगायला पाहिजे, नाहीतर कविता होईल आणि खोटं होईल. वाकेरोला मिळायचं ते कापलेल्या जनावराचं ताजं मांस. आमच्या वाट्याला मेलेलं. आणि त्यांना तो हिस्सा जातीनं जन्माला चिकटवलेला नव्हता. तरी पाट्या त्यांच्यासाठीही होत्या. १९५४ चा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास. त्यात नोंद आहे की त्या गावातल्या एका हॉटेलावर पाटी होती, मेक्सिकन लोकांना इथं वाढलं जात नाही. आणि त्या कोर्टाच्या आवारातच पुरुषांच्या दोन संडासांपैकी एकावर काळ्यांसाठी अशी इंग्रजी पाटी, तिच्याखाली स्पॅनिशमध्ये 'पुरुष इथे'. पंचवीस वर्षांत त्या जिल्ह्याच्या ज्युरीत एकही मेक्सिकन नावाचा माणूस बसलेला नव्हता. न्याय मागायला आलेल्या माणसाला लघवीला कुठं जायचं ते आधी सांगायचं. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि ज्यांना वाढत नव्हते त्यांचंच ताट पुढं चालत आलं. १९६९ च्या सप्टेंबरात ऑस्टिनच्या एका मटणाच्या दुकानात काम करणाऱ्या सनी फाल्कननं काइल गावच्या उत्सवात फहीता टाकोचं दुकान मांडलं. बाजारात विकलेला पहिला फहीता तो, असं मानतात. त्याच सुमाराला फार गावात ओतिलिया गार्झा नावाची बाई आपल्या हॉटेलात तापल्या तव्यावर फहीता द्यायला लागली. १९७३ ला ह्यूस्टनमध्ये निन्फा लॉरेन्झो ह्या विधवा बाईनं आपल्या तोर्तियाच्या कारखान्यातच दहा टेबलं टाकली आणि भाजलेलं मांस विकायला काढलं. मग १९८२ ला ऑस्टिनच्या मोठ्या हॉटेलात साहेब शेफनं तोच चरचरता तवा टेबलावर आणला, आणि गावभर झाला. जनावर कितीही मोठं असू द्या, पडदा निघतो तीन-चार किलो. मागणी वाढली, भाव चढला. फुकट टाकायचं मांस महागाचं झालं. आता ज्यांच्या हातची ती चव, त्यांनाच ते घेताना खिसा चाचपावा लागतो.

तेव्हा ठरवलं. हे घरी करायचं. टाकलेल्याच तुकड्याचं करायचं.

पहिल्यांदा केलं तेव्हा चामडं झालं. पापुद्रा तसाच ठेवला, छोट्या तव्यावर सगळं मांस एकदम टाकलं. पाणी सुटलं, भाजायच्या ऐवजी ते शिजत बसलं. वर लांबीच्या बाजूनं कापलं. चघळून चघळून जबडा दुखला.

दुसऱ्यांदा डोकं चालवलं. पापुद्रा सुरीनं सोलून काढला. लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, जिरेपूड, तिखट, मीठ, थोडं तेल. टेक्सासकडच्या मेक्सिकन स्वयंपाकात जिरं आपल्यासारखंच सढळ. आपल्याकडं म्हशीचं मांस, तेही बऱ्याचदा म्हाताऱ्या जनावराचं, म्हणून चमचाभर कच्ची पपई वाटून लावली. फक्त अर्धा तास. जास्त ठेवलं तर वरनं लगदा होतो. मग मांस फडक्यानं कोरडं केलं आणि बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. एका वेळी एकच पट्टा. एका बाजूला तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीन. काढून पाच मिनिटं झाकून ठेवलं, तेवढ्यात त्याच तव्यावर कांदा आणि ढबू मिरची परतली.

आता कापायचं कसं, हे मला गिरणीनं शिकवलं. कापसाचा तंतू लांब असला की सूत मजबूत, आखूड असला की सूत कच्चं, साच्यावर सारखं तुटतं. मांसातही तंतूच असतात, पडद्यात तर डोळ्याला दिसतात. लांब ठेवले तर दात हरतात. म्हणून तंतूला आडवं कापायचं, तंतू आखूड करायचे. ज्या आखूड तंतूसाठी सुपरवायझर आमच्यावर ओरडतो, तोच इथं पाहिजे.

पोळ्या मैद्याच्या. उत्तर मेक्सिको आणि टेक्सासात गहू पिकतो, म्हणून तिथं मक्याच्या जोडीला मैद्याचा तोर्तिया. मैदा, मीठ, कोमट पाणी आणि चरबी. ते डुकराची घालतात, मी तेल घातलं. टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून वर लिंबू. त्याला ते 'पिको दे गायो' म्हणतात, कोंबड्याची चोच. नाव काही असू द्या, आपली कोशिंबीर.

हे सगळं मी दार लावून करत होतो. खोली भाड्याची. देताना मालकानं विचारलं होतं, "खाता काय?" मी म्हणालो होतो, "भाकरी." राज्यात १९७६ च्या कायद्यानं गाय बंद, २०१५ पासून बैल आणि वळूही बंद. म्हशीचं चालतं. पण कायदा काय सांगतो ते रस्त्यात पिशवी अडवणाऱ्याला कोण सांगणार? दुकानापासून खोलीपर्यंत मी पिशवीत वर मेथी ठेवून आलो होतो. धूर कोंडला. डोळे चुरचुरले.

आजी गावाकडनं दवाखान्यासाठी आलेली. कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. ताट पुढं केलं तर हात लावीना.

"हे कुठलं रं?"

"पडद्याचं, आजी. म्हशीचं."

"मी वळाकलं. वासावनंच वळाकलं." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माझी आजी दोरीवर चान्या वाळत घालायची. कावळं हाकायला मला बसवायची. मी धा वर्साची आसंन. छपन साली बा नागपूरला जाऊन आला. आला त्यो चप्पल न काढता आत गेला, इळा घेतला आन ती दोरीच तोडली. म्हनला, बाबासाहेबांनी सांगितलंय. कुनी टाकलेलं हितनं म्होरं खायाचं न्हाई. म्हातारी रडली. घरात दुसरं काय बी न्हवतं त्या दिशी. पर दोरी पुन्यांदा बांदली न्हाई."

माझा घास हातातच राहिला. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळं-उष्टं मागू नका म्हणून सांगितलं, ते मी पुस्तकात वाचलंय. पण ती दोरी आमच्याच घरात तुटली होती, हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी काय करून बसलो? पणजोबानं तोडलेली दोरी मी हौसेनं पुन्हा बांधली की काय? एका हॉटेलात कानशिलं गरम झाली म्हणून?

आजीनं विचारलं, "इकत आनलंस?"

"हो."

"कापल्यालं हुतं न्हवं? मेल्यालं न्हाई?"

"कापलेलं."

"वजन करून दिलं त्यानं?"

"हो आजी. फुकट देत होता. मी वजन करायला लावलं."

"मग हान हिकडं," आजी म्हणाली. "आमाला कुनी तागडीत घालून दिलं न्हवतं कदी."

तिनं पोळीत दोन पट्ट्या घेतल्या, वर कोशिंबीर, आणि पुढचे चार दात राहिलेत त्यांनी खाल्ली. मांस आखूड कापलं होतं म्हणून तिला खाता आली. म्हणाली, मीठ कमी हाय.

बाबासाहेबांनी मांसाशी भांडण मांडलं नव्हतं, देण्याच्या रीतीशी मांडलं होतं, एवढं मला त्या रात्री समजलं. मालकानं ठरवायचं आणि राबणाऱ्यानं झेलायचं, ही ती रीत. टेक्सासचे गुराखी आणि आमचे पणजे, दोघांच्याही हातात चव होती. तराजू दोघांच्याही हातात नव्हता. माझ्या हातात तरी कुठं आहे? सूत मी काढतो, वजन दुसराच करतो, हजेरीचा दर तिसरा ठरवतो. पुढच्या महिन्यात दरासाठी आम्ही गेटवर बसणार आहोत. पण ते वेगळं लिहीन.

आजीनं पाणी प्यालं आणि खोकली. म्हणाली, "किती रं ह्यो धूर. दार उघड की."

मी म्हणालो, "मालक आहे बाहेर."

"आसंना. चोरून आनलंस व्हय?"

मी उठत नाही बघून ती स्वतः उठली. भिंतीला धरून दारापर्यंत गेली आणि कडी काढली. धूर एकदम बाहेर गेला. शेजारच्या खोलीतलं पोरगं वास घेत दारात येऊन उभं राहिलं. आजीनं त्याला विचारलं, "खातूस काय?" ते आत आलं.

मालक अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं मान वर करून आमच्या दाराकडं बघितलं. अजून तरी काही बोललेला नाही.