फारखती

आमच्या जेऊरच्या घरी आजोबांच्या पवित्र शास्त्राच्या पानांत सावकाराने कर्ज पुरते फिटल्याबद्दल लिहून दिलेला फारखतीचा एक मोडी कागद जपून ठेवलेला असे. करमाळा तालुक्याच्या त्या कोरडवाहू मुलखात कर्ज हे जमिनीइतक्याच निश्चितपणे बापाकडून मुलाकडे येई. सुप्याच्या कुणब्यांनी १८७५ साली सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि सरकारने १८७९ साली सोलापूर धरून चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला, तरी खतावणीचे भय पुढील पिढ्यांच्या अंगातून गेले नव्हते. लहानपणी मला ती अक्षरे लागत नसत. आजोबा त्या कागदावरून हात फिरवीत, एवढेच मी पाही.

पुढे महसुलाच्या दफ्तरात कारकुनी करू लागल्यावर त्या हात फिरवण्याचा अर्थ उमगला. दुष्काळी साली सारा तहकूब होई. पण तहकुबी ही माफी नव्हे, बाकी वहीत तशीच राही आणि सुगी येताच तगादा लागे. देवाने पाप आज तहकूब केले, उद्या तो मागेलच, अशा धास्तीत जन्म काढणारे भाविक मी उपासनेच्या बाकांवर माझ्याशेजारी बसलेले पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला अपार कळवळा वाटतो. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी एका ऋणको शेजाऱ्याला मुदत न वाढवता सरळ फारखतीच लिहून दिली. मुदत दिली असती तरी गावाने त्यांना दयाळूच म्हटले असते.

पौलाने कलस्सैकरांना लिहिले, की आपल्याविरुद्धचा ऋणलेख ख्रिस्ताने पुसून वधस्तंभाला खिळला. त्या काळची शाई आपल्या बोरूच्या शाईसारखीच काजळी व डिंक यांची असे, आणि पपायरसवरून ती ओल्या बोळ्याने धुऊन काढता येई. अक्षरच उरले नाही, तर दावा कशाच्या आधारे लावावा?

जेऊरहून पुण्याकडे जाताना दौंडच्या पलीकडे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. आईवडिलांसमवेत तीर्थोतीर्थी स्नाने व उपवास करीत हिंडलेल्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, परंतु पापक्षालनाची निःशंक शांती त्यांना लाभली ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्या बाजूने भरायचे काहीच नाही हे अंतःकरणाला पटले तेव्हा. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी दुष्काळाने उघड्या पडलेल्या शेकडो स्त्रियांना व मुलींना आसरा दिला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही समजावे म्हणून, सबंध शास्त्र साध्या मराठीत आणले. १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्या या कामात होत्या. देणे पुरते फिटलेल्या माणसाच्या हातून एवढे श्रम कसे होतात, याचे मला अद्याप नवल वाटते.