गॅरेजचं छप्पर

लेस्टरच्या घरामागचं गॅरेज पावसात गळतं. सपाट छप्पर काढून उतरतं, कौलारू घालावं, असं फार दिवस मनात आहे. इंग्लंडात कुंपणापासून 2 मीटरच्या आत असं बांधकाम 2.5 मीटरपेक्षा उंच न्यायचं, तर कौन्सिलची परवानगी लागते. आमचं आढं त्याच्या वर जाईल. अर्ज करता येईल. पण पलीकडे शेजारच्या आजींच्या टोमॅटोच्या कुंड्या आहेत. दुपारचं ऊन तेवढ्याच पट्ट्यात येतं. त्या काही म्हणाल्या नाहीत, तरी फॉर्म भरताना हात थांबतो. कागदावरचा मंजुरीचा शिक्का त्या उन्हाची भरपाई करेल? अजून ठरत नाही.

सध्याचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे, कडेला शेवाळलेले. 1999 साली इथं त्यावर बंदी आली. तुमच्याकडे असतील, तर ते स्वतः फोडू नका.