उभ्या मोटारीची भूक

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून,’ असें आपले वाडवडील म्हणत आले. हल्लींच्या काळीं या म्हणीस ‘जुनी उंची मोटार पाहावी घेऊन’ असें एक शेपूट जोडण्यास हरकत नाहीं, असें आमचें अनुभवांतीं मत झालें आहे. हा अनुभव आम्हांस बराच महाग पडला. ज्या घरांत असा विचार चालला असेल त्या घरास तो फुकट मिळावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

आमचें घर माढा तालुक्यांतील मोडनिंब येथें. पुणें-सोलापूर महामार्ग गांवावरून जातो आणि कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारी आगगाडीहि येथें थांबते; त्यामुळें जाण्यायेण्याची अडचण आम्हांस एरवीं कधीं भासली नाहीं. परंतु तीन भावांचें एकत्र कुटुंब, घरांत वृद्ध काकू, आणि मोठें इस्पितळ म्हटलें कीं पंढरपूर किंवा सोलापूर. तेव्हां घरचें वाहन असावें, आणि घ्यावयाचेंच तर म्हाताऱ्या माणसाचीं हाडें खिळखिळीं होणार नाहींत असें प्रशस्त असावें, असा बेत २०२१ सालच्या दिवाळींत ठरला.

नवी उंची मोटार आमच्या आवांक्याबाहेरची होती. पण त्या सुमारास दिल्लीकडील जुन्या डिझेल मोटारी आपल्या भागांत येत असत. दहा वर्षांवरील डिझेल वाहनांस राजधानीच्या परिसरांत बंदी करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं दिला होता, आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ती बंदी उचलून धरली. त्यामुळें दहा वर्षें भरत आलीं कीं तेथील धनिक आपली गाडी मिळेल त्या किंमतीस काढून टाकीत, आणि ना-हरकत पत्रासह ती दुसऱ्या प्रांतांत जाई. अशाच वाटेनें आलेली परदेशी बनावटीची एक मोटार आम्हीं शहरांतील एका दलालाकडे पाहिली. कातडी बैठका, छतास कांचेची खिडकी, बटण दाबतांच मागेंपुढें सरकणाऱ्या खुर्च्या! नवी असतांना चाळीस लाखांवर गेलेली वस्तु साडेआठ लाखांस मिळत होती. पसंतींत पुढाकार आमचाच होता. दोन लाख रुपये काकूंनीं आपल्या नांवच्या ठेवींतून काढून दिले. “मला मेलीला काय करायचाय पैसा? गाडीतून एकदा पंढरीला न्या म्हणजे झालं,” असें त्या म्हणाल्या.

थोरल्या बंधूंनीं त्या वेळीं एक शंका काढली होती. “आपण आताच आलो, मग इंजिन गरम कसं?” दलाल हंसून म्हणाला, “दादासाहेब, नुकतीच धुऊन आणली.” त्या प्रश्नाचें मोल आम्हांस पुढें कळलें.

पहिल्या दोन महिन्यांत बारीकसारीक गोष्टी होऊं लागल्या. घड्याळाची वेळ आपोआप पुसली जाई. कधीं एक कांच वर चढेना. कधीं समोरच्या पटलावर चार-पांच तांबडे-पिवळे दिवे एकदम लागत आणि दुसऱ्या दिवशीं नाहींसे होत. विचारणा केली तर ‘उंची गाड्यांचे नखरे असायचेच’ असें उत्तर मिळे. आणि तें ऐकून आम्हांस चिंता वाटण्याऐवजीं थोडा अभिमानच वाटे, हें येथें कबूल केलें पाहिजे. फेब्रुवारींत एके सकाळीं गाडी मुळींच सुरू होईना. बॅटरी जुनी झाली असेल, असें म्हणून आम्हीं नवी बसविली आणि स्वस्थ झालों.

एप्रिलमध्यें एके रात्रीं दोन वाजतां काकूंच्या छातींत कळ आली. दरदरून घाम सुटला. गाडी चार दिवस वाड्याच्या दरवाजांत उभी होती. आम्ही किल्लीचें बटण दाबलें तों दार उघडेना. किल्लीच्या पोटांत लपविलेली साधी किल्ली शोधून दार उघडलें, तर आंत एक दिवा लागेल तर शपथ! जुन्या साध्या गाडीस चौघांनीं धक्का दिला असता तर ती निघाली असती. हिची गतिपेटी स्वयंचलित, म्हणून ती धक्क्यानें सुरू होणारी नव्हे; आणि गियरचें कुलूपहि विजेवर चालणारें, म्हणून ती बाजूसहि सरेना. दरवाजा तिनें अडविलेला. शेजारच्या डाळिंबवाल्या शेतकऱ्यानें आपल्या मालवाहू पिकअपमधील क्रेट उतरवून तींत गादी टाकली. पण ती पिकअप वाड्यांत येणार कोठून? अखेर काकूंना खुर्चीवर बसवून, त्या साडेआठ लाखांच्या मोटारीच्या अंगावरून अंग चोरीत, रस्त्यावर नेलें. यांत पाऊण तास गेला. पंढरपुरास डॉक्टरांनीं हृदयविकाराचा झटका असल्याचें सांगितलें, आणि ‘आणखी उशीर करावयास नको होता’ एवढेंच म्हटलें. काकू वांचल्या. त्यांच्याच पैशांनीं आलेल्या गाडीनें त्यांची वाट अडविली, हा विचार मात्र आम्हांस कितीएक रात्री झोपूं देईना. घरांत कोणी आम्हांस बोललें नाहीं. तेंच अधिक बोचत होतें.

आम्ही तिसरी बॅटरी आणण्यास निघालों, तेव्हां थोरल्या बंधूंनीं अडविलें आणि महामार्गावर ट्रकांच्या वायरिंगचें काम करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलाविलें. एवढ्या उंची गाडीस ट्रकचा माणूस काय हात लावणार, असें आमच्या मनांत आलें. त्यांनीं बॅटरी भारून आणली, तपासली, आणि म्हणाले, “बॅटरी खराब न्हाई, सायेब. रातच्याला तिला कोणतरी खातंय.”

पुढें त्यांनीं जें केलें तें आम्ही विद्यार्थ्याप्रमाणें पाहिलें. या गाडीची बॅटरी डिकीच्या तळाशीं असते. डिकी उघडीच ठेवून त्यांनीं तिच्या कुलपाची जीभ पेंचकसानें दाबून दिली, म्हणजे गाडीस ती बंद आहे असें वाटावें. ऋण तारेभोवतीं चिमट्यासारखा मीटर लावला, गाडीस कुलूप घातलें, किल्ली घरांत दूर ठेवावयास सांगितली आणि चहा मागविला. आम्हीं कारण विचारलें. अशा गाडींत लहानमोठे कित्येक संगणक असतात; गाडी बंद केली तरी ते लगेच झोंपत नाहींत, सुमारें अर्धा तास घेतात. सगळे झोंपल्यावर गाडीनें साधारणतः पन्नास मिलिअँपिअरपेक्षां कमी वीज घ्यावी. चाळीस मिनिटांनीं आमच्या मीटरवर सहाशें वीस आंकडा होता.

यावरून हिशोब सोपा आहे. एवढ्या ओढीनें दिवसाकाठीं सुमारें पंधरा अँपिअर-तास वीज जाते. बॅटरी ऐशी अँपिअर-तासांची. चार दिवसांत साठ संपले. उरलेल्या विसांवर डिझेलचें मोठें इंजिन फिरविणें कठीण. त्यांत आमच्या गाडीच्या फेऱ्या बाजारापुरत्या, म्हणजे बॅटरी पुरती भरतच नसे. शिवाय सोलापूर जिल्ह्याचा चाळीस अंशांवरचा उन्हाळा! उष्णतेनें शिशाच्या बॅटरीचें आयुष्य झपाट्यानें घटतें. फ्रान्समध्यें प्लांटे यांनीं १८५९ सालीं शिशाच्या पत्र्यांची ही बॅटरी सिद्ध केली. तिच्या पोटांतील रसायन अद्याप तेंच आहे, तिच्या डोक्यावरचा बोजा मात्र शतपट वाढला आहे.

चोर शोधण्यासाठीं त्यांनीं एकहि फ्यूज उपटला नाहीं. कारण उपटून पुन्हां बसविल्यानें झोंपलेले संगणक जागे होतात. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोंकांवर मीटरच्या सुया टेंकवून, कोणत्या वाटेनें वीज वाहत आहे तें त्यांनीं पाहिलें. दोन चोर सांपडले. डिकीचें रबर जुनें होऊन आंत पाणी झिरपत असे, व त्या ओलीनें कुलपांतील लहानसें बटण गंजलें होतें. त्यामुळें डिकी लावली तरी ती उघडीच आहे असें समजून गाडी रात्रभर जागी राही. दुसरा चोर म्हणजे पूर्वीच्या मालकानें पटलाखालीं जोडलेलें, गाडीचा ठावठिकाणा कळविणारें यंत्र. मजुरी व सामान मिळून अठराशें रुपये झाले, आणि मीटरचा आंकडा तीसवर आला. आम्हीं फेब्रुवारींत बसविलेली बॅटरीहि चुकीच्या जातीची निघाली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होणाऱ्या अशा गाडीस एजीएम जातीची बॅटरी लागते. आणि अशा बहुतेक गाड्यांत ती बदलल्याचें संगणकास कळवावें लागतें, एरवीं तो नवीलाहि जुनी समजून भारीत राहतो.

आतां कोणी आम्हांस विचारलें तर आम्ही सांगतों: गाडी पाहावयास सकाळीं, न कळवितां जा, ती रात्रभर उभी असावी. बोनेटला हात लावा. गरम असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशीं जा. स्वस्तांतला मीटर बरोबर असूं द्या. विसावलेली भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, आणि बाराच्या खालीं म्हणजे जवळजवळ उपाशी. इंजिन सुरू असतां आंकडा बहुधा १३.८ ते १४.७ यांच्या दरम्यान असावा. कांहीं नव्या गाड्या तो मुद्दाम कमीअधिक करितात. डिकीची चटई उचलून ओल, गंज आणि नंतर जोडलेल्या तारा पाहा. स्कॅनर लावून घ्या. त्यांत एकहि दोष नसून गाडीच्या स्वतःच्या चांचण्या मात्र ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर स्मृति नुकतीच पुसलेली आहे असें समजावें. आणि प्रत्येक कांच, दिवा, खुर्ची स्वतः चालवून पाहा. उंची गाडीची किंमत दहा वर्षांत घटते; तिच्या सुट्या भागांची घटत नाहीं.

या साऱ्यांहून मोठी गोष्ट आम्ही शिकलों ती निराळीच. थोरल्या बंधूंचा एक साधा प्रश्न आम्हीं हंसण्यावारी नेला, आणि मिस्त्रींना त्यांच्या कपड्यांवरून तोललें. दोन्ही वेळां आमच्या डोळ्यांपुढें त्या कातडी बैठका होत्या.

गाडी आम्हीं ठेविली. त्याच वर्षीं कार्तिकी एकादशीची गर्दी ओसरल्यावर काकूंना तींतून पंढरपुरास नेलें. पाऊल आंत टाकण्यापूर्वीं त्या दाराशीं थांबल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “हिचं जेवण झालंय ना रे?”