दप्तरात दप्तर

श्रावण सरता सरता पुण्याहून दादाचा फोन आला.

"वाडा आता पाडायला घेणार आहेत. माळ्यावरची ट्रंक खाली काढलीय. आत नुसते मोडीतले कागद. परवा रद्दीवाला येतोय. तुला काही हवं असेल तर येऊन घेऊन जा. मागाहून म्हणू नकोस."

त्या शेवटच्या तीन शब्दांत आम्हा दोघा भावांचा वीस वर्षांचा इतिहास होता. आमचे वडील नेहमी म्हणत, "कोकणात आपली जमीन आहे. कागद ट्रंकेत आहे." वडील गेल्यावर मी ट्रंकेची चौकशी केली. मी हिस्सा मागतो आहे असे दादाला वाटले. दादा काहीतरी लपवतो आहे असे मला वाटले. भांडण असे झाले नाही. आपण मध्यमवर्गीय माणसे भांडतही नाही नीट. फक्त तेव्हापासून दिवाळीचा फराळ डब्यांतून येऊ-जाऊ लागला आणि माणसांचे येणे-जाणे थांबले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुणे गाठले.

वाड्याच्या चौकात ट्रंक उघडी पडली होती. आत लाल कापडात बांधलेली तीन गाठोडी. एक सोडून पाहिले. पिवळे पडलेले कागद, त्यांवर हात न उचलता धावत गेलेली मोडी. दादाने चष्मा पुसून पाहिले, मीही पाहिले. घरात दोघे पदवीधर, पण एक ओळ लागेल तर शपथ! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवीत असत. आमच्या वाट्याला ती आली नाही.

"रद्दीत देण्याआधी निदान कुणाकडून तरी वाचवून घेऊ," मी म्हणालो. "पेशवे दफ्तरात मोडी जाणणारे सापडतील."

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मीही येतो." विश्वास अजून बसलेला नव्हता हे उघड होते.

कागद न्यायला पिशवी मिळेना. तेवढ्यात दादाच्या नातवाने आपले गेल्या वर्षीचे शाळेचे दप्तर आणून दिले. "आजोबा, यात भरा."

"अरे, हे कागद म्हणजेसुद्धा दप्तरच बरं का!" दादा म्हणाला.

"मग दप्तरात दप्तर!" पोरगा हसत सुटला.

रिक्षात बसल्यावर मला त्या शब्दाचा चाळाच लागला. मुलाच्या पाठीवर असते ते दप्तर. कचेरीत असते तेही दप्तर. अर्ज 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे त्याची पुढची आशा सोडावी, आणि दाखल व्हायलाच वर्ष लागले तर तिला 'दप्तरदिरंगाई' म्हणावे. शब्द आला फारसीतून. पण त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या 'डिफ्थेरा' या शब्दात आहे. डिफ्थेरा म्हणजे कमावलेले कातडे. पूर्वी कातड्यावर लिहीत, म्हणून कातड्याचे नाव लिखाणाला मिळाले. घटसर्पात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून डॉक्टर त्याला डिफ्थेरिया म्हणतात. तोही याच कुळातला! इंग्रजीतला 'अर्काइव्ह'सुद्धा मूळ ग्रीकच. त्याचा अर्थ अधिकाऱ्याचे घर, कारण कागद अधिकाऱ्याच्या घरी राहत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. आपल्या सरकारनेही 'पुराभिलेखागार' असा भारदस्त शब्द दिला आहे. पण रिक्षावाल्याला काय सांगायचे? "कौन्सिल हॉलजवळ, पेशवे दफ्तर." तो बिनचूक घेऊन गेला.

दगडी, उंच छताची ती इमारत पाहिली की आवाज आपोआप खाली येतो. आत मांडण्यांवर रुमालांच्या रांगा. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. कागद बांधून ठेवायचे चौकोनी फडके. एकेका रुमालात शेकडो कागद, आणि असे तीस-चाळीस हजार रुमाल! शाहू दफ्तर, आंग्रे दफ्तर, रोजकीर्द, घडणी, पागा अशी त्यांची खाती. रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद. पेशवाईत कोणाला काय दिले, कोठे किती पैसा गेला, सारे तारीखवार.

१८१८ साली राज्य गेले, पण हे कागद इंग्रजांनी जपले. ते प्रेमापोटी नव्हे. कोणत्या गावाचा वसूल किती आणि कोणाचे इनाम खरे, हे या कागदांवाचून कळणार कसे? १८५२ नंतर इनाम कमिशनने इनामदारांना पुरावे विचारायला सुरुवात केली तेव्हा तर या कागदांना फारच भाव आला. ज्याचा कागद सापडला त्याचे इनाम तरले. ज्याचा सापडला नाही, तो बसला.

त्या काळी सामान्य अभ्यासकाला येथे मोकळी वाट नव्हती. राजवाड्यांनी म्हणून गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले. पुढे गो. स. सरदेसायांनी या दफ्तरातून निवडलेले कागद पंचेचाळीस भागांत छापले. ते काम १९३४ साली पुरे झाले. एवढे होऊनही जे छापले ते ओंजळभर. तळे तसेच आहे.

तेथे एक वयस्क अभ्यासक पेन्सिलीने टिपणे घेत बसले होते. त्यांना आमची अडचण सांगितली. मधल्या सुटीत ते बाहेर आले आणि झाडाखालच्या बाकावर बसून आमचे कागद उलगडू लागले. आम्ही दोघे त्यांच्या दोन बाजूंना, निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसारखे बसलो.

"हा किराणा. गूळ, खोबरं, तांदूळ. ही बारशाची यादी. हे कुणी उसने नेलेले पंधरा रुपये, परत आल्याची नोंद नाही." मग एक लांब कागद हाती घेऊन ते जरा थांबले. "हं, ही जमीन."

दादाने माझ्याकडे पाहिले. मी झाडाकडे पाहिले.

"खरेदीखताची नक्कल आहे. पण तुम्ही घेतलेली नव्हे, विकलेली. थोरल्या भावाने विकलीय. धाकटा बंधू सहा महिने अंथरुणाला खिळला, औषधोपचाराचं देणं झालं, ते वारण्यासाठी." त्यांनी दोघांची नावे वाचून दाखवली.

ते धाकटे बंधू म्हणजे आमचे पणजोबा.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. जी जमीन वडिलांच्या जन्माआधीच गेली होती, तिच्यावरून आम्ही वीस दिवाळ्या घालवल्या होत्या. आणि ती गेली नसती, तर भांडायला आम्हीच नसतो!

"रद्दीत घालू नका," ते गृहस्थ कागद घडीवर घडी बसवीत म्हणाले. "राज्यांचे कागद इथे आहेत. गूळ-खोबऱ्याचे तुमच्याकडेच असतात. आणि मोडी काही अवघड नाही, शिकवणीचे वर्गही असतात."

परत येताना रिक्षात दादाने दप्तर मांडीवर घेतले होते. वाटेत तो एकदाच बोलला. "तू ट्रंक मागितलीस तेव्हाच आपण इथे यायला हवं होतं."

"मीच 'चल' म्हणायला हवं होतं," मी म्हणालो.

काल वहिनींचा फोन आला. "भावोजी, यंदा डबा पाठवायचा नाही. सगळ्यांनी इकडेच यायचं. नवी जागा लहान आहे, पण मावाल." दादा मोडीच्या वर्गाला जातो आणि रोज रात्री वही काढून अक्षरे गिरवतो, असेही कळले.

मागे नातू ओरडत होता, "आजोबा, माझं दप्तर कधी देणार?"

"ते आता माझं दप्तर," दादा म्हणाला. "तुला नवं घेऊ."