येऊ द्या, येऊ द्या

बाबांची मान आता डावीकडे नीट वळत नाही. गाडी मागे घ्यायची असली की ते आईला खाली उतरवतात. ती मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणते आणि बंपर टेकल्यावर "थांबा!"

शेवटी एका रविवारी त्यांच्या जुन्या वॅगनआरचा डॅशबोर्ड मीच उघडला. स्टिरिओ सोपा वाटला होता: पिवळी वायर कायम 12 व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावर, काळी अर्थ. मी पिवळी आणि लाल उलटी जोडली. गाडी बंद केली की सगळी सेटिंग्ज गायब. चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय म्हणे!

खरा घाम काढला डिकीच्या दाराजवळच्या रबरी नळीने. कॅमेऱ्याची वायर तिच्यातून जाईचना. तासाभराने आई म्हणाली, "नाडी ओवतात तशी ओव की." मग सायकलच्या ब्रेकची तार आधी घातली, तिच्या टोकाला वायर चिकटपट्टीने बांधली आणि ओढली. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यातून घेतली, म्हणजे गिअर टाकला की चित्र येणार.

संध्याकाळी बाबांनी रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर भिंत, तुळशीची कुंडी आणि सवयीने येऊन उभी राहिलेली आई.

बाबांनी काच खाली केली. "येऊ का गं?"